विहिरीवरचे तीन शब्द

या घरात आल्यावर मला पहिली ताकीद मिळाली ती विहिरीवर. सासरे, म्हणजे आमचे आबा, तळाशी खडक फोडत होते आणि मी त्यांचा डबा घेऊन काठावर गेले होते. कुठूनसं एक कुत्र्याचं पिल्लू आलं आणि त्यानं पिशवीचा बंद तोंडात धरला. मी ओरडले, "सोड! सोड म्हणते ना!"

काठावर दोर सांभाळणारे दोरकाका केवढे तरी दचकले. हँडल दोन्ही हातांनी आवळून ते तसेच ताठ उभे राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "सूनबाई, इथं तो शब्द काढायचा नाही. तो शब्द खालच्याचा."

विहिरीवर तीनच शब्द असतात, आणि तिन्ही खाली उतरलेल्या माणसाचे. 'ओढ' म्हटलं की वर ओढायचं. 'धर' म्हटलं की जिथं असेल तिथं थांबवायचं. 'सोड' म्हटलं की दोर ढिला करायचा. वरच्या माणसानं स्वतःच्या मनानं काही करायचं नाही, आणि खालून 'सोड' आल्याशिवाय हँडलवरचा हात काढायचा नाही, मग अंगावर साप चढला तरी. म्हणून काठावर दुसरं कुणीही हे शब्द बोलत नाही. पिल्लाला काय म्हणायचं मग? "मोकळं कर, म्हणायचं," दोरकाका म्हणाले.

त्यांची जीभच तशी वळली होती. घरीसुद्धा ते तो शब्द काढत नसत. दोरकाकी हसून सांगायच्या, "लग्नाआधी माझ्या भावानं विचारलं, तंबाखू सोडाल का? तर हे म्हणतात, मोकळी करीन. भावाला वाटलं, माणूस जरा कमी आहे."

आबा खाली आणि दोरकाका वर, असं त्या दोघांनी उभा जन्म काढला होता. जाड लाकडांची तिकटी, वर कप्पी, बाजूला दोर गुंडाळायचा लोखंडी रूळ, रुळाला हँडल, आणि रूळ उलटा फिरू नये म्हणून अडकवायची एक खीळ. या सगळ्या सांगाड्याला यारी म्हणतात. सासूबाई म्हणत, "यारी यांची दोघांची, आणि संसार ओढायचा आम्ही."

दोरकाकांचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत. त्यांची प्रार्थना वेगळी, आमची वेगळी. गावची विहीर पहिल्यांदा खणली तेव्हा दोरावर दोरकाकांचे वडील होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग झाला नाही, तो भाग पुढं येईल.

त्या वर्षी विहीर आटली. आधी घागर तिरकी करून भरावी लागायची, मग वाटीनं, आणि एका सकाळी वाटी खडकावर खरवडल्याचा आवाज आला. निवडणूक तोंडावर होती. निवडणुकीला उभ्या असलेल्या साहेबांनी भाषणात कबूल करून टाकलं की मतदानाच्या आत विहीर खोल करून देतो. काम अर्थातच आबांकडे आलं.

साहेब स्वतः घरी आले. मागच्या निवडणुकीत आले होते तेव्हा सोबत दोन म्हातारे आणि एक छत्री होती. या खेपेला गाडीतून त्यांच्या मागोमाग रक्षक दलाचा प्रमुख उतरला, आणि गळ्यात करडे रुमाल बांधलेली पोरं. गावच्या भिंतींवर 'पाहुण्यांनो, गाव सोडा' असं रंगवणारी हीच पोरं. पाहुणे म्हणजे ओढ्यापलीकडचे. सासूबाई ते वाचून म्हणाल्या होत्या, "पाहुणे म्हणता तर आधी बसायला तरी द्या."

साहेब ओसरीवर टेकले. मी माझ्या लेकीला, ठकूला, कडेवर घेऊन दाराआड उभी होते.

"आबा, पाणी लागायलाच पाहिजे. मतदानाच्या आत."

"खडकाला तारीख कळवतो," आबा म्हणाले.

साहेब हसले. प्रमुख हसला नाही.

"आणि एक आहे," साहेब म्हणाले. "दोरावर माणूस आपला हवा."

"आपलाच आहे."

"आपला म्हणजे... तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय."

"नाही कळलं."

प्रमुख पुढं झाला. त्याचा आवाज गोड होता, मला त्याचीच भीती वाटली. "आबा, गावाचं पाणी. देवाला जाणारं पाणी. त्याला कुणाचे हात लागावेत, कुणाचे नाहीत, याचा विचार नको का करायला?"

"दोरावरचे हात पाण्यात कशाला जातील?" सासूबाई आतून म्हणाल्या. "पाण्यात उतरतो तो माझा नवरा. त्याचे पाय बघा आधी, चिखल खरवडून काढायला लागतो."

एक पोरगं फिस्सकन हसलं आणि प्रमुखानं बघितल्यावर गप्प झालं. हसणाऱ्याच्या शेजारी माझा नवरा उभा होता. त्याच्याही गळ्यात तो रुमाल होता.

त्याला दलात जाऊन फार दिवस झाले नव्हते. दोन पदव्या घेऊन घरी बसला होता, आबांबरोबर विहिरीत उतरायची त्याला लाज वाटायची. साहेबांनी पाण्याच्या टँकरवर नोकरी लावतो म्हटलं होतं, पण यादी दलाकडून येणार होती. तो रुमाल मी पहिल्यांदा धुतला तेव्हा रंग कच्चा निघाला. त्याच बादलीत भिजवलेलं ठकूचं पांढरं झबलं करडं झालं. मी ते पुन्हा पुन्हा साबणानं घासलं, डाग फिका झाला, गेला नाही.

निघताना साहेबांनी आबांना बाजूला घेतलं. मी दाराआडच होते. "मागल्या वेळी मी ओढ्यापलीकडं घरोघर गेलो, आबा. तुमच्या त्या दोरवाल्याच्या बायकोच्या हातचं पाणी प्यालो. विसरलो नाही मी. पण आता माझ्याकडं माणसं राहिली नाहीत, यांच्याकडं आहेत. बूथ हेच सांभाळणार. एकदा निवडणूक होऊ द्या, सगळं पहिल्यासारखं."

"मग पाणीपण निवडणुकीनंतर," आबा म्हणाले आणि आत येऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

आबा उतरेनात. यारी विहिरीवर तशीच उभी राहिली. गावातल्या बायका ओढ्याच्या वाळूत खड्डे करून पाणी झिरपायची वाट बघत बसू लागल्या. दोरकाकींचा आणि माझा खड्डा एकच होता. आम्ही पाळीपाळीनं वाटीनं भरायचो. पाणी गढूळ, त्याला वास. मी ते गाळायचे, उकळायचे, निवू द्यायचे, पुन्हा गाळायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पाणी आहे ते, कोर्टाचा कागद नव्हे, किती तपासशील?"

तरी ठकूला लागलंच. जुलाब सुरू झाले. नर्सबाईंनी शिकवलं होतं तसं मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून बघायचे. कातडी लगेच सपाट व्हायला हवी. ती वळीसारखी तशीच उभी राहायची आणि मग हळूहळू बसायची. मी दर थोड्या वेळानं चिमटी घ्यायचे, शेवटी सासूबाईंनी माझा हात धरला. "पोरीचं पोट काळंनिळं करशील," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच चिमटी घेऊन बघितली.

दोरकाकींनी त्यांच्या घरात झाकून ठेवलेलं जुनं स्वच्छ पाणी होतं नव्हतं तेवढं आणून दिलं. मागोमाग दोरकाका आले. एरवी थेट आबांच्या खाटेशी जाणारे, त्या दिवशी अंगणातच थांबले. गल्लीच्या तोंडाशी करडे रुमाल बसलेले होते.

"उतर तू," त्यांनी अंगणातूनच आबांना सांगितलं.

"तुझ्याशिवाय?"

"मी आहे की. लांब बसतो, झाडाखाली. दोर तुझ्या पोराकडं दे. त्याला मी शिकवतो."

"त्याला नाही जमायचं. त्याचे कान घरात नसतात."

"पोरीकडं बघ जरा," दोरकाका म्हणाले. "कान येतील."

आबा उठून बसले. ठकूकडं बघितलं आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

दोरकाकांनी माझ्या नवऱ्याला आमच्याच अंगणात शिकवलं. खुर्चीला दोर बांधून, जुना रूळ मांडून. मला वाटलं होतं तो ऐकणार नाही, पण ऐकलं त्यानं. रुमाल काढून खिशात ठेवला होता. "हँडल छातीशी घ्यायचं. हाताला रग लागली की खीळ घालायची, पण खीळ काढायची ती खालनं शब्द आल्यावरच. आणि हे बघ, खालनं आवाज अर्धाच येतो. विहीर अर्धा खाते. उरलेला आपण लावून घ्यायचा. मी इतकी वर्षं तुझ्या बापाचं अर्धंच ऐकत आलोय."

"आणि चुकलं तर, काका?"

"नाही चुकायचं. तुझाच बाप आहे खाली."

काम सुरू झालं. रोज आबा उतरायचे, नवरा हँडलवर, आणि दोरकाका लांब झाडाखाली उकिडवे बसलेले, नजर कप्पीवर. कप्पी अडली की त्यांची मूठ आपोआप आवळायची. ते मला दिसायचं. आबा वर आले की आधी झाडाकडं बघायचे, दोरकाका मान हलवायचे, मग आबा तोंड धुवायला जायचे. नवऱ्याच्या तळहातांना फोड आले. जेवताना त्याला घास धरता येईना, आणि तो पहिल्यांदाच आबांना म्हणाला, "तुमचा दोस्त हे कसं करत होता हो इतकी वर्षं?" आबांनी त्याच्या ताटात आपल्यातलं वाढलं. मला वाटलं, घर सावरतंय.

खडकाला ओल दिसली त्या दिवशी सगळीकडं बातमी झाली. लगेच साहेबांचा निरोप आला: उद्या येतो, पाणी बघायला, सगळ्यांना घेऊन.

ते आले ते मिरवणुकीनं. पुढं टेम्पोवर भोंगे, मागं करडे रुमाल, मधे साहेब आणि प्रमुख हातात हात घालून. आबा तळाशी होते. निघालेल्या दगडांची टोपली भरून त्यांनी वर पाठवली होती, ती अर्ध्यावर होती. मी डबा घेऊन आले होते, ठकू कडेवर. बरं वाटायला लागलं होतं तिला, हात नाचवत होती. नवऱ्यानं हाताला रग लागली म्हणून खीळ घातली आणि कपाळ पुसलं. तेवढ्यात टेम्पो अगदी काठाशी येऊन थांबला.

"पाहुण्यांनो!" भोंगा ओरडला.

"गाव सोडा!" गर्दी ओरडली.

"पाहुण्यांनो!"

"सोडा! सोडा! सोडा!"

विहिरीतून आबा काहीतरी म्हणाले. मी काठाजवळ होते म्हणून मला कळलं, ते 'धर' होतं. टोपली हेलकावे खात असावी. नवऱ्यानं मान वाकडी करून कान दिला. चेहरा घामानं निथळत होता. चारी बाजूंनी एकच शब्द येत होता, विहिरीतूनही तोच घुमून परत वर येत होता. मी ओरडले, "नाही! आबा नाही म्हणाले ते!" पण माझाही आवाज त्यातच गेला. त्यानं खीळ काढली.

हँडल फिरलं, त्याच्या हाताला फटका बसून सुटलं आणि नुसतं गरगरत राहिलं. मग खालून आवाज आला. तो मी लिहीत नाही.

झाडाखालून दोरकाका धावत आले. वाटेत त्यांना कुणीतरी धरलं, त्यांनी झिडकारलं. त्यांनी हँडलला खांदा लावून रूळ थांबवला, खीळ घातली, दोराला धरून खाली उतरले. थोड्या वेळानं खालून त्यांचा आवाज आला, "ओढ!" आणि माझ्या नवऱ्यानं रडत रडत ओढलं. टोपलीतून आबा वर आले, मांडीपासून खाली रक्तानं माखलेले. मागून दोरकाका. काठावर आल्यावरही त्यांच्या मुठी दोरावरच होत्या, उघडतच नव्हत्या. मिरवणुकीच्या मागच्या लोकांना पुढं येईपर्यंत जे दिसलं ते एवढंच: आबा रक्तात पडलेत, आणि दोर त्याच्या हातात आहे.

शहरातल्या दवाखान्यात आबांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी विचारलं, "पाणी?" नवरा म्हणाला, "लागलंय." मग आबांनी त्याच्या हाताला बांधलेली पट्टी बघितली आणि डोळे मिटले.

त्यानं मला जिन्यात सांगितलं, "मला आबांचाच आवाज वाटला गं. देवाशपथ." खरंच सांगत होता तो. मी म्हटलं, "मग हेच सगळ्यांसमोर सांग." तो पायरीकडं बघत राहिला. "सांगीन," म्हणाला.

साहेब दवाखान्यात आले ते फळं घेऊन. सोबत प्रमुख, आणि मोबाइल धरून एक पोरगा. साहेबांचा चेहरा उतरलेला होता, ते नाटक नव्हतं असं मला वाटतं. ते आबांच्या उशाशी बसले.

"आबा, गावात बोलतायत की त्या दोरवाल्यानं मुद्दाम..."

"खोटं आहे," मी म्हटलं. "दोर ह्यांच्याकडं होता." मी नवऱ्याकडं बोट केलं. "आणि घोषणा तुमच्या होत्या. मी तिथं होते."

प्रमुख माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, तुमची मनःस्थिती समजतो मी. घरात लहान बाळ आहे. जपा." एवढंच. ठकू माझ्या मांडीवर होती. तिनं त्याचा रुमाल धरायला हात पुढं केला आणि मी तिला मागं ओढलं.

नवरा खिडकीशी उभा राहून तो बांधलेला हात दुसऱ्या हातानं चोळत होता.

"तुम्हीच सांगा आबा," साहेब हळूच म्हणाले. "दोर कुणी धरला होता?"

आबांनी मुलाकडं बघितलं. मग ठकूकडं. जिभेनं ओठ ओले केले आणि जेवढा जोर होता तेवढा लावून म्हणाले, "दोर त्यानं धरला, म्हणून मी वर आलो."

कुणाचंही नाव न घेता त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. मुलाला वाचवलं, दोस्ताला वाचवलं. मला त्या वेळी रडू आलं, वाटलं, केवढा मोठा माणूस.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या सभेत साहेबांनी पाण्याचा पहिला कळसा प्रमुखाच्या हातून उचलला. मग दवाखान्यात आलेल्या त्या पोरानं मोबाइल माइकला लावला. आबांचा थकलेला आवाज सगळ्या गावात घुमला. "दोर त्यानं धरला..." आणि तिथंच थांबला.

गर्दीतून एक आवाज उठला, आधी कुजबुजीसारखा. साहेब व्यासपीठावर मान खाली घालून उभे होते. त्यांना पुढचे शब्द माहीत होते, खोलीत होते ते. माझा नवरा तिथंच, दुसऱ्या रांगेत, करडा रुमाल बांधून बसला होता. त्यालाही माहीत होते. मी उभी राहून ओरडले, "पुढचं ऐकवा! पुढचं वाक्य लावा!" माझ्या शेजारच्या बाईनं माझा पदर ओढला. "खाली बस गं," ती म्हणाली, "पोरगी घाबरतेय." ठकू खरंच रडत होती. भोंग्यावर गाणं सुरू झालं.

वस्तीतल्या घरांवर दगड पडले. दोरकाकांच्या दाराला कुलूप घालायला आलेल्या पोलिसानं सांगितलं, तुमच्याच भल्यासाठी थोडे दिवस कुठं तरी जा.

आबांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ते दोघं आले. दोरकाकींच्या डोक्यावर गाठोडं, दोरकाकांच्या खांद्यावर दोराचं वेटोळं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या जन्मभर कुणाला दारात ताटकळत ठेवणाऱ्यातल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांना 'आत या' म्हणता येईना, कारण माझा नवरा आत होता. तो माजघरात भिंतीला टेकून बसला होता. बाहेर आला नाही.

दोरकाकांनी वेटोळं उंबऱ्याशी ठेवलं. "हा इथं असू दे. तिकडं विहिरीचं काम मिळेल न मिळेल."

"कुठं चाललात?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"काकीच्या भावाकडं. बघू." मग ते म्हणाले, "गाव मोकळं करतोय, सूनबाई."

दोरकाकींनी तोंडाला पदर लावला.

"काका, आबा तसं म्हणाले नव्हते," मी म्हटलं. "अर्धंच ऐकवलं त्यांनी. पुढं म्हणाले होते की..."

"ठाऊक आहे मला." ते किंचित हसले. "त्याचं अर्धंच वर येतं. उरलेलं मी लावून घेतलं कधीच."

आतून खाट करकरली. आबा उठू बघत होते. गुडघ्याखाली काही नाही हे अंगाला अजून समजलं नव्हतं, तोल जाऊन ते पुन्हा उशीवर पडले. खाटेवरून त्यांना दार दिसत नव्हतं. दोरकाकांनाही ते दिसत नव्हते. दोघं भिंतीच्या दोन बाजूंना, एकमेकांचा श्वास ऐकत.

ठकू रांगत पुढं गेली, दोरकाकांच्या धोतराला धरून उभी राहिली आणि त्यांचं बोट घट्ट मुठीत धरलं. ते जागचे हलेनात. बोट सोडवून घेणं काय मोठं, पण हलेनात. काकी गाठोडं सावरत म्हणाल्या, "चला हो. ऊन चढेल." तरी नाही. मी ठकूला उचलायला वाकले. तोंडाशी तो शब्द आला होता, म्हणवेना. "मोकळं कर, बाळा," मी म्हटलं. "काकांचं बोट मोकळं कर." तिनं आणखी घट्ट धरलं.

तेव्हा मला कळलं ते कशासाठी थांबलेत. खालून शब्द आल्याशिवाय वरच्यानं हात काढायचा नसतो.

आतही ते कळलं असावं. खाट पुन्हा एकदा करकरली. मग आबांचा आवाज आला, खोलवरून यावा तसा, अर्धाच.

"सोड."

दोरकाकांनी ठकूचं एकेक बोट उघडलं, तिचा हात माझ्या हातात दिला आणि ते वळले.